शेतावरील कॅमेऱ्याचे खोटे इशारे : कारणे आणि उपाय



विहिरीवरची मोटार, स्टार्टर, तांब्याची केबल, ठिबकच्या नळ्या, तोडणीला आलेले डाळिंब, चाळीतला कांदा आणि गोठ्यातील शेळ्या यांची राखण पूर्वी माणूस आणि कुत्रा मिळून करीत असत. आता रात्रीच्या राखणीला मजूर मिळत नाही आणि घरची माणसे दिवसभराच्या कामाने थकलेली असतात. त्यामुळे विजेवर किंवा सौर पॅनेलवर चालणारे, मोबाइलवर इशारा देणारे कॅमेरे गेल्या काही वर्षांत मळ्यामळ्यांतून दिसू लागले आहेत.

कॅमेरा बसविल्यावर पहिले चार दिवस मोबाइल वाजला की माणूस उठून पाहतो. कधी केळीचे पान हललेले असते, कधी वटवाघूळ उडालेले असते, कधी शेजारचे कुत्रे गेलेले असते. आठवड्याने तो पाहणे सोडतो आणि पंधरवड्याने मोबाइलचा आवाज बंद करून झोपतो. चोर येतो त्या रात्री कॅमेरा इशारा देतोच, पण तो कोणी ऐकत नाही. सकाळी चित्रीकरण पाहायला मिळते, केबल मिळत नाही. म्हणून खोटा इशारा हा केवळ झोपमोडीचा प्रश्न समजू नये. खरा इशारा वाया घालविणारे तेच मुख्य कारण होय.

अशा वेळी बहुतेक जण कॅमेऱ्याला दोष देतात आणि अधिक किमतीचा दुसरा घेतात. तोही त्याच खांबावर, त्याच दिशेला बसवितात आणि त्याच तक्रारी पुन्हा सुरू होतात. माझ्या मते खोट्या इशाऱ्यांचा मोठा भाग कॅमेऱ्याची जागा, दिशा आणि काचेची स्वच्छता एवढ्यावरच कमी करता येतो, आणि त्याला जवळजवळ खर्च नाही. मोबाइलमधील सेटिंगला हात त्यानंतर लावावा.

कॅमेऱ्याला हालचाल कशी कळते?

बाजारात मुख्यतः दोन प्रकारचे कॅमेरे मिळतात. सतत विजेवर चालणारा कॅमेरा एका पाठोपाठ एक चित्रे घेतो आणि आधीच्या चित्राशी नव्या चित्राची तुलना करतो. चित्राच्या ठरावीक भागात उजेड-अंधार ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त बदलला की तो 'हालचाल झाली' असे मानतो. त्याला माणूस कळत नाही, पान कळत नाही. फक्त बदल कळतो. ढगाची सावली शेतावरून सरकली तरी त्याच्या लेखी ती हालचालच असते.

बॅटरीवर किंवा सौर पॅनेलवर चालणारा कॅमेरा बहुधा झोपलेला असतो. त्याच्या तोंडावर पांढरट, फुगीर प्लॅस्टिकचे एक छोटे भिंग असते. त्यामागील संवेदक शरीरातून बाहेर पडणारी उष्णता ओळखतो. उष्ण वस्तू त्याच्यासमोरून सरकली की कॅमेरा जागा होतो आणि चित्रीकरण सुरू करतो. हा संवेदक बहुधा आठ-दहा मीटरपर्यंतच भरवशाचा असतो. आडवे जाणारे शरीर त्याला चटकन कळते, सरळ अंगावर चालत येणारे उशिरा कळते. म्हणून असा कॅमेरा पाऊलवाटेच्या तोंडाशी, वाटेकडे बघत लावू नये. वाट त्याच्यासमोरून आडवी जाईल अशा ठिकाणी लावावा.

आपल्याकडे यापैकी कोणता प्रकार आहे हे प्रथम पाहून घ्यावे, कारण दोघांना फसविणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत. पहिल्याला सावली, दिव्याचा उजेड, पाऊस, किडे व हलणारा खांब फसवितात. दुसऱ्याला कुत्री-मांजरे, तापलेला पत्रा आणि उन्हाळ्यातील गरम वाऱ्याचे झोत फसवितात. शिवाय विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत भोवतालचे तापमान माणसाच्या शरीराच्या तापमानाइतके किंवा त्याहून जास्त होते. तेव्हा माणूस आणि जमीन यांच्या उष्णतेत फरकच उरत नाही आणि हा संवेदक भर दुपारी माणसालाही चुकवितो. उन्हाळ्यात दुपारी इशारे आले नाहीत म्हणजे कोणी आले नाही, असे धरून चालू नये.

जवळचे पान आणि दूरचा माणूस

सतरा मीटरवर उभा असलेला पावणेसहा फुटी माणूस चित्रात जेवढा उंच दिसतो, तेवढेच एक मीटरवरचे दहा सेंटिमीटरचे पान दिसते. भिंगापासून पाच सेंटिमीटरवर अर्ध्या सेंटिमीटरचा किडा आला तर तोही तेवढीच जागा अडवितो. म्हणजे कॅमेऱ्याजवळचा कचरा हा दूरच्या चोराइतकाच मोठा असतो. हे एकदा लक्षात घेतले की पुढचे उपाय आपोआप सुचतात. कॅमेऱ्यासमोर तीन-चार मीटरपर्यंत फांदी, वेल, दोरी, लोंबणारी वायर, शेडनेटची चिंधी काहीही राहू देऊ नये. पाखरे हाकलण्यासाठी बांधलेली चकाकती फीत तर कॅमेऱ्याच्या नजरेत मुळीच नको. ती हलण्यासाठीच बांधलेली असते.

पिकाची वाढ लक्षात न घेणे ही चूक मात्र वारंवार आढळते. सुरू उसाच्या लागणीच्या वेळी कॅमेरा बसविला तर समोर मोकळे रान दिसते. श्रावणात तोच ऊस माणसाच्या डोक्यावर जातो आणि पाने चित्राचा निम्मा भाग व्यापतात. हिवाळ्यात तुरा आला की तो वाऱ्यावर सारखा डोलत राहतो. मका, ज्वारी, केळी, शेवगा यांचेही असेच होते. म्हणून कॅमेऱ्याची जागा ठरविताना आज समोर काय आहे त्यापेक्षा सहा महिन्यांनी काय असेल ते पाहावे. शक्यतो कॅमेऱ्याची नजर पिकावर न ठेवता पिकात शिरण्याच्या वाटेवर, गेटवर, मोटारीच्या खोलीच्या दारावर किंवा चाळीच्या तोंडावर ठेवावी. सगळे शेत एका कॅमेऱ्यात बसविण्याचा हव्यास बरा नव्हे. शेतात यायच्या वाटा दोन-तीनच असतात.

खांब, उंची व दिशा

कॅमेरा झाडावर बांधू नये. झाड हलले की सगळे चित्र हलते. बारीक लोखंडी नळीचेही तसेच आहे. खांबाचे टोक वाऱ्याने बोटभर हलले तरी दूरची जमीन चित्रात बरीच सरकते. नळी जाड घ्यावी, खाली काँक्रीटचा पाया करावा आणि जागा उघडी असल्यास तीन बाजूंनी ताण द्यावेत. पक्की भिंत असेल तर खांबाचा खटाटोप करू नये.

उंची आठ ते दहा फूट ठेवावी. त्यापेक्षा खाली लावल्यास कॅमेऱ्यालाच हात पोहोचतो. फार वर लावल्यास माणसाचे फक्त डोके व खांदे दिसतात आणि माणूस ओळखणाऱ्या कॅमेऱ्याला तो ओळखता येत नाही. कॅमेरा थोडा खाली झुकवून आकाश चित्रातून काढून टाकावे. ढग, पक्षी, विजेचा लखलखाट व दूरच्या रस्त्यावरील गाड्यांचे दिवे यामुळे बऱ्याच अंशी टळतात.

तोंड पूर्वेला किंवा पश्चिमेला असल्यास सकाळ-संध्याकाळचे ऊन सरळ भिंगात शिरते आणि लांब सावल्या समोरून सरकत राहतात. शक्य असेल तेथे उत्तरेकडे तोंड करावे. आपल्या राज्यात मे ते जुलै या काळात काही आठवडे सूर्य दुपारी डोक्यावरून किंचित उत्तरेला सरकतो, पण तेव्हा तो इतका माथ्यावर असतो की कॅमेऱ्याला त्रास देत नाही. वर छोटा पत्रा किंवा टोपी असल्यास ऊन व पाऊस दोन्हींचा बचाव होतो. मात्र ती टोपी किंवा जवळची पांढरी भिंत चित्राच्या कडेला दिसता कामा नये. रात्री कॅमेऱ्याचे अदृश्य किरण तिच्यावर आदळून परत येतात, चित्र धुरकट होते आणि प्रत्येक थेंब चमकतो.

दिवा, किडे आणि कोळी

रात्रीचे इशारे सर्वांत जास्त किड्यांमुळे येतात. येथे एक गैरसमज दूर करणे जरूर आहे. रात्री पाहण्यासाठी कॅमेरा जे किरण सोडतो ते साधारणपणे ८५० किंवा ९४० नॅनोमीटर लांबीचे असतात. बहुतेक किडे ते पाहू शकत नाहीत. किडे येतात ते पांढऱ्या व निळसर दिव्याकडे. हुमणीच्या बंदोबस्तासाठी आपण प्रकाश सापळा लावतो तेव्हा हाच स्वभाव वापरतो. कॅमेऱ्यालगत बल्ब लावणे म्हणजे कॅमेऱ्याच्या तोंडाशी प्रकाश सापळा लावणेच होय. वळवाच्या पहिल्या पावसानंतर भुंगेरे बाहेर पडतात, त्या आठवड्यात अशा कॅमेऱ्याचे इशारे मोजता येत नाहीत.

उजेड हवाच असेल तर बल्ब कॅमेऱ्यापासून दहा-पंधरा फुटांवर, वेगळ्या खांबावर लावावा, म्हणजे किडे तिकडे जमतील. हल्ली रात्रीही रंगीत चित्र देणारे कॅमेरे मिळतात. त्यातील पुष्कळसे स्वतःचा पांढरा दिवा लावतात. शेतावर अशा कॅमेऱ्याचा तो दिवा सेटिंगमधून बंद ठेवून काळे-पांढरे चित्र घेणे मला अधिक सोयीचे वाटते.

किडे आले की कोळी येतो. कॅमेऱ्याच्या खोबणीत त्याला आडोसा मिळतो आणि काचेसमोर जाळे विणले जाते. रात्री त्या जाळ्याचा एकेक धागा प्रकाशाच्या दोरीसारखा दिसतो. लांब काठीला मऊ ब्रश बांधून आठवड्यातून एकदा जाळे काढावे. त्यासाठी कॅमेऱ्यावर कीटकनाशक फवारू नये. काचेवर त्याचा थर बसतो.

द्राक्ष-डाळिंबाच्या बागायतदारांनी आणखी एक काळजी घ्यावी. ब्लोअरने गंधक किंवा बोर्डो मिश्रण फवारताना उडालेला फवारा कॅमेऱ्याच्या काचेवर वाळतो. दिवसा तो पांढुरका थर जाणवत नाही. रात्री मात्र कॅमेऱ्याचेच किरण त्यावर विखुरतात, चित्र दुधाळ होते आणि लहानशा बदलालाही कॅमेरा दचकतो. फवारणीपूर्वी कॅमेऱ्यावर पिशवी बांधावी, नंतर ती आठवणीने काढावी आणि काच ओल्या मऊ फडक्याने पुसावी. कोरड्या फडक्याने घासल्यास धुळीचे कण काचेवर ओरखडे पाडतात.

सात रात्रींची नोंद

सेटिंग बदलण्यापूर्वी एक आठवडा वहीत नोंद ठेवावी. प्रत्येक इशाऱ्याची वेळ, चित्रात काय दिसले, चित्राच्या कोणत्या भागात दिसले, आणि तेव्हा वारा, पाऊस किंवा वीज कशी होती, एवढेच लिहावे. सकाळी चहा घेताना हे काम होते.

वही वाचली की कारणे वेगळी होतात. रोज संध्याकाळी ठरावीक सुमारास आणि पुन्हा पहाटे एकच इशारा येत असेल, तर कॅमेरा रंगीत चित्रावरून काळ्या-पांढऱ्यावर व उलट जात आहे. तेव्हा सगळे चित्र एकदम बदलते. याला उपाय म्हणजे ती पंधरा-वीस मिनिटे इशाऱ्याच्या वेळापत्रकातून वगळणे. शेतीला रात्रपाळीची वीज असेल तेथे वीज येताच विहिरीवरचा बल्ब लागतो आणि जाताच विझतो. इशाऱ्यांच्या वेळा वीज येण्या-जाण्याच्या वेळांशी जुळत असतील तर दोष त्या बल्बचा आहे. तो कॅमेऱ्याच्या नजरेबाहेर हलवावा. चित्राच्या एकाच कोपऱ्यातून इशारे येत असतील तर तेथे फांदी, पाण्याचे डबके, ताडपत्रीचे सुटे टोक किंवा बांधलेले जनावर असते. पाणी साचलेले असल्यास दिव्याचे प्रतिबिंब त्यात हलत राहते. फक्त पावसाच्या व वाऱ्याच्या रात्रीच इशारे वाढत असतील तर खांब व ताण तपासावेत.

सेटिंग : आर्थिक नुकसान पातळीचाच नियम

शेतात एक अळी दिसली म्हणून आपण फवारणी करीत नाही. कपाशीवरील गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी ८ पतंग सापडले, म्हणजे आर्थिक नुकसानीची पातळी गाठली, असे मानतो. यात संख्या आहे आणि सातत्यही आहे. कॅमेऱ्यालाही अशीच पातळी ठरवून द्यावी लागते.

प्रथम क्षेत्र ठरवावे. मोबाइलवरील चित्रात बोटाने चौकट आखून फक्त वाट, दार किंवा मोटारीची जागा निवडावी. रस्ता, झाडे व गोठा चौकटीबाहेर ठेवावा. शेजाऱ्याचे घर किंवा मजुरांच्या राहण्याची जागा चित्रात येत असेल तर तेवढा भाग झाकण्याची सोय असते, ती वापरावी. भांडण टळते. नंतर आकार ठरवावा. काही कॅमेऱ्यांत किमान आकाराची सोय असते, तेथे मांजराहून मोठे व माणसाहून थोडे लहान असे माप द्यावे. त्यानंतर काळ, म्हणजे हालचाल किती सेकंद टिकली की इशारा द्यावा. वाटवाघूळ अर्ध्या सेकंदात निघून जाते, माणूस दाराशी थांबतो. दोन-तीन सेकंद पुरेत. फार वाढविल्यास धावत जाणारा सुटतो.

संवेदनशीलता सर्वांत शेवटी कमी करावी आणि एका वेळी एकच पायरी. पुष्कळ जण नेमके उलट करतात. पहिल्याच दिवशी ती तळाला नेतात, मग इशारे थांबतात आणि समाधान होते. पण अंधारात काळी घोंगडी पांघरून आलेला माणूस आणि मागची भिंत यांच्यातला फरक आधीच थोडा असतो. संवेदनशीलता तळाला नेल्यावर सर्वांत आधी तोच गळतो.

माणूस ओळखणारे कॅमेरे आणि बिबट्या

आता मिळणारे पुष्कळ कॅमेरे माणूस व वाहन यांचे आकार ओळखतात आणि फक्त त्यांचाच इशारा देतात. मोटारीची खोली, चाळ व गेट यांसाठी ही सोय चालू करावी. तिने पाने, पाऊस व कुत्री यांचे इशारे पुष्कळ कमी होतात. मात्र वाकून, पाठीवर पोते घेऊन किंवा बांधाच्या आडून येणारा माणूस तिला प्रत्येक वेळी ओळखता येतोच असे नाही. फार दूरचा माणूसही चित्रात लहान असल्याने सुटतो.

याहून महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. 'फक्त माणूस' निवडले म्हणजे बिबट्या व रानडुक्कर यांचे इशारे बंद झाले. जुन्नर, आंबेगाव, शिरूर, संगमनेर, निफाड अशा ऊसपट्ट्यातील शेतकऱ्याला ही तडजोड परवडणारी नाही. तेथे शेळ्यांच्या गोठ्यावरील कॅमेऱ्याला सर्व प्रकारच्या हालचालीवर ठेवावे, पण चौकट मात्र गोठ्याबाहेरील दारापुरतीच लहान आखावी आणि वेळ सूर्यास्त ते सूर्योदय एवढीच द्यावी. आतील जनावरांची हालचाल चौकटीत येऊ देऊ नये. या कॅमेऱ्याचे काही इशारे खोटे निघणारच, ते सहन करावेत. दुसऱ्या कॅमेऱ्यांचे खोटे इशारे आधी कमी केले असतील तर ते सहन होतातही. काही कॅमेऱ्यांत प्राणी ओळखण्याची वेगळी सोय असते. ती घरच्या कुत्र्यावर तपासून मगच भरवसा ठेवावा.

बिबट्या दिसल्यास टॉर्च घेऊन एकट्याने बाहेर पडू नये. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. चोर दिसल्यास ११२ वर फोन करावा आणि शेजाऱ्यांना उठवावे.

बॅटरी व पावसाळा

सौर कॅमेऱ्याच्या बाबतीत खोट्या इशाऱ्याची किंमत बॅटरीत मोजावी लागते. प्रत्येक वेळी कॅमेरा जागा होतो, चित्रीकरण करतो आणि सिमकार्डवरून ते पाठवितो. यातच बॅटरी सर्वांत जास्त खर्च होते. उन्हाळ्यात पॅनेल ती तूट दिवसा भरून काढते, म्हणून लक्षात येत नाही. आषाढ-श्रावणात आठ-आठ दिवस आभाळ उघडत नाही. तेव्हा रात्री वाऱ्याने पन्नास वेळा जागा झालेला कॅमेरा पहाटेपूर्वीच बंद पडतो. म्हणून मृगापूर्वीच फांद्या छाटाव्यात, पॅनेलवरची धूळ धुवावी आणि दोन इशाऱ्यांमधील विश्रांतीचा काळ थोडा वाढवून ठेवावा.

तपासणी

प्रत्येक बदलानंतर घरातील एका माणसाने अंधार पडल्यावर शेतात जाऊन यावे. चोर जेथून येईल असे वाटते त्या वाटेने, एकदा सरळ चालत, एकदा वाकून आणि एकदा डोक्यावर पोते घेऊन यावे. तिन्ही वेळा इशारा आला आणि तो किती सेकंदांनी आला हे दुसऱ्याने घरी बसून लिहावे. इशारा पोहोचायला उशीर लागत असेल तर मोबाइलची रेंज तपासावी. पीक बदलले, छाटणी झाली किंवा पावसाळा सुरू झाला की हीच फेरी पुन्हा करावी.

मोबाइलमध्ये कॅमेऱ्याच्या इशाऱ्याला इतर कशालाही नसलेला, मोठा व वेगळा आवाज द्यावा. व्हॉट्सअॅपच्या आवाजासारखाच तो असेल तर रात्री दोन वाजता लग्नाच्या आमंत्रणात आणि चोरात फरक कळणार नाही. इशारा एकाच मोबाइलवर न ठेवता घरातील दुसऱ्या माणसाच्या मोबाइलवरही द्यावा, आणि कोणत्या रात्री कोणी उठायचे ते आधी ठरवून ठेवावे.